थंड प्रदेशातील सरीसृपांचे उघड्यावरील संगोपन

थंड प्रदेशातील सरीसृपांचे उघड्यावरील संगोपन म्हणजे समशीतोष्ण हवामानातील काटक सरडे, कासवे व काही बिनविषारी साप यांना घरातील तापवलेल्या काचपेटीत न ठेवता बागेतील बंदिस्त वाफ्यात, नैसर्गिक ऊन, पाऊस व ऋतुचक्राच्या सान्निध्यात वर्षभर किंवा वर्षाचा बराच काळ पाळणे होय. ही पद्धत प्रामुख्याने ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स आणि आसपासच्या देशांत रुजलेली आहे. छंद म्हणून ती सुरू झाली असली, तरी ब्रिटनमधील दुर्मीळ वाळू-सरड्याच्या पुनर्वसनासाठी तिचा झालेला उपयोग हे तिचे सर्वांत महत्त्वाचे फलित मानले जाते. या लेखातील विवेचन मुख्यतः दक्षिण इंग्लंडच्या हवामानास अनुसरून केलेले आहे.

मराठीत 'सरडा' हा शब्द सामान्यतः झाडाझुडपांवर मान हलवत बसणाऱ्या, रंग पालटणाऱ्या प्राण्यासाठी वापरला जातो. युरोपातील बागांत पाळले जाणारे सरडे त्या कुळातील नसून लॅसर्टिडी या कुळातील आहेत. त्यांचे शरीर सडपातळ, शेपटी लांब आणि चाल अत्यंत चपळ असते. या कुळाचे भारतातील नातलग म्हणजे महाराष्ट्राच्या माळरानांवर गवतातून सुळकन निसटणारे ओफिसॉप्स प्रजातीचे छोटे सरडे होत.

पार्श्वभूमी

थंड देशात सरीसृप उघड्यावर ठेवल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अठराव्या शतकातील आहे. इंग्लंडमधील सेलबर्न या खेड्यातील धर्मोपदेशक व निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) यांच्या आत्याकडे ससेक्समधील रिंगमर येथे भूमध्यसागरी जातीचे एक कासव अनेक वर्षे बागेत वाढत होते. आत्याच्या निधनानंतर मार्च १७८० मध्ये व्हाइट यांनी ते जमिनीतून उकरून काढले, मातीसह पेटीत घातले आणि घोडागाडीने सुमारे ८० मैल दूर सेलबर्नला आणले. प्रवासाच्या धक्क्यांनी जागे झालेले हे कासव नव्या बागेत थोडे फिरले आणि थंडी जाणवताच पुन्हा मातीत शिरले. टिमथी या नावाने ते ओळखले जाई. व्हाइट यांच्या १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या सेलबर्नच्या निसर्गेतिहासामुळे त्याला वाङ्मयीन अमरत्व लाभले. १७९४ मध्ये ते मरण पावले. त्याचे कवच लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात जतन केलेले असून, आयुष्यभर पुरुषी नावाने वावरलेले हे कासव मादी होते, हे त्या कवचावरून पुढे स्पष्ट झाले.

व्हाइट यांच्या नोंदींचे मोल केवळ कुतूहलापुरते नाही. हे कासव नोव्हेंबरच्या सुमारास जमिनीत जाते व एप्रिलच्या मध्यास वर येते, पावसाला विलक्षण घाबरते, आणि शरद ऋतूतील मंद ऊन अंगावर घेण्यासाठी भिंतीला टेकून कवच तिरपे करते, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. उघड्यावरील संगोपनाची जवळजवळ सर्व मूलतत्त्वे या तीन निरीक्षणांत सामावलेली आहेत.

विसाव्या शतकात हा छंद दोन वाटांनी वाढला. एक वाट अभ्यासू हौशी लोकांची होती. १९४७ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश हर्पेटॉलॉजिकल सोसायटीसारख्या संस्थांमधून त्यांना व्यासपीठ मिळाले. दुसरी वाट बाजाराची होती. उत्तर आफ्रिका व भूमध्यसागरी देशांतून लाखो कासवे ब्रिटनमध्ये आणून अगदी स्वस्तात विकली जात. शीतनिद्रेची काहीही माहिती नसलेल्या कुटुंबांनी ती कासवे गवताच्या पेटीत घालून माळ्यावर ठेवली. त्यांतील फार मोठा भाग पहिला हिवाळाही पाहू शकला नाही. या कासवांच्या व्यापारी आयातीवर १९८४ मध्ये बंदी आली. तोवर मूळ अधिवासांचे झालेले नुकसान भरून येण्याजोगे राहिले नव्हते.

तापमानाचे गणित

सरीसृपांना 'शीतरक्ती' म्हणण्याची रूढी आहे. हा शब्द फसवा आहे. उन्हात बसलेल्या भिंत-सरड्याचे रक्त माणसाच्या रक्ताइतके नसले, तरी त्याच्या जवळपास गरम असू शकते. हे प्राणी शरीरात स्वतः पुरेशी उष्णता निर्माण करीत नाहीत, ती बाहेरून घेतात. म्हणून त्यांना 'बाह्यतापी' म्हणणे अधिक योग्य ठरते. हवेचे तापमान १५ अंश सेल्सियस असताना दक्षिणाभिमुख दगडावर अंग चपटे करून पडलेला सरडा आपले शरीर ३० अंशांच्या पुढे नेऊ शकतो. ढग आला की तो बिळात जातो, ऊन आले की बाहेर येतो. दिवसभरातील या ये-जा करण्यातूनच त्याचे तापमान नियंत्रित होत असते.

याचा अर्थ असा, की बागेत सरडा जगेल किंवा नाही हे हवेच्या सरासरी तापमानावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते उन्हाच्या जागांवर आणि त्या जागांपासून आडोशापर्यंतच्या अंतरावर अवलंबून असते. पुण्यातील जानेवारीच्या दुपारपेक्षा लंडनमधील जुलैची दुपार सरासरीने थंड असते. तरीही त्याच लंडनच्या परिसरात सरडे सुखाने नांदतात, कारण त्यांना हवा नव्हे, तर तापलेला पृष्ठभाग हवा असतो.

काळसर लाकूड लवकर तापते आणि लवकर निवते. दगड सावकाश तापतो, पण संध्याकाळपर्यंत ऊब धरून ठेवतो. सकाळी सरडे प्रथम ओंडक्यांवर दिसतात व दिवस कलताना दगडांवर, याचे कारण हेच. चांगल्या वाफ्यात दोन्ही असावे लागतात.

थंड हवामानात खरी मर्यादा हिवाळ्याची असते, असा सर्वसाधारण समज आहे. भिंत-सरड्याच्या (पोडार्सिस म्युरालिस) प्रसाराचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. १९५१ च्या सुमारास इटलीतील गार्डा सरोवराच्या काठचे सुमारे दहा सरडे एका मुलाने अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात आणून सोडले. तेथील हिवाळा इंग्लंडपेक्षा पुष्कळच कडक असतो. तरीही त्या मूठभर प्राण्यांची संतती आज शहराच्या भिंतींवर सर्वत्र दिसते. याउलट इंग्लंडमध्ये हिवाळा सौम्य असूनही हा सरडा मुख्यतः दक्षिणाभिमुख कडे, दगडी भिंती व जुन्या खाणी अशा ऊबदार जागांपुरता मर्यादित राहिला आहे. फरक उन्हाळ्याचा आहे. सिनसिनाटीचा उन्हाळा उष्ण असतो, त्यामुळे जमिनीतील अंडी वेळेत उबतात. इंग्लंडच्या सपाट, सावलीच्या जमिनीत ती उबण्यापूर्वीच शरद ऋतू येऊन ठेपतो. प्रौढ प्राणी जगवणे आणि त्यांची पुढची पिढी बागेतच निपजणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत.

पिले देणाऱ्या जातींनी ही अडचण स्वतःपुरती सोडवली आहे. सजीवप्रसवी सरडा (झूटोका व्हिविपारा) अंडी शरीरातच उबवतो. मादी उन्हात बसते आणि तिच्यासोबत गर्भही उन्हात असतात. आयर्लंडपासून पूर्व आशियापर्यंत, तसेच स्कँडिनेव्हियात आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेस हा सरडा आढळतो. त्याच जातीचे दक्षिण फ्रान्स व उत्तर स्पेनमधील काही समूह मात्र आजही अंडी घालतात.

पालनास योग्य जाती

भिंत-सरडा हा नवशिक्यांसाठी सर्वांत सोपा मानला जातो. तो धीट, दिवसाचर व लहान आहे. युरोपीय हिरवा सरडा (लॅसर्टा बायलिनिएटा व तिची भगिनी जाती लॅसर्टा व्हिरिडिस) आकाराने मोठा व देखणा असून त्याला अधिक ऊन व अधिक जागा लागते. स्पेन-पोर्तुगालकडील नेत्रांकित सरडा (टिमॉन लेपिडस) याहून मोठा असतो. तो थंडी सोसतो, परंतु थंडी व ओल एकत्र सोसत नाही. म्हणून त्याच्या वाफ्याचा निदान काही भाग काचेखाली घेतात.

ब्रिटनमधील मंद-कृमी (अँग्विस फ्रॅजिलिस) हा नावाने कृमी व दिसण्यात साप वाटणारा, प्रत्यक्षात पाय नसलेला सरडा आहे. त्याला पापण्या असतात व तो पालीप्रमाणे शेपूट टाकतो. गोगलगायी हे त्याचे आवडते खाद्य. त्याला पकडून पाळण्याची गरज सहसा पडत नाही. बागेच्या कोपऱ्यात पालापाचोळ्याचा ढीग असला, की तो आपण होऊन वस्तीला येतो. हा अतिशय दीर्घायुषी प्राणी असून कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयात एक मंद-कृमी ५४ वर्षे जगल्याचे सांगितले जाते.

कासवांपैकी हरमानचे कासव (टेस्ट्युडो हरमानी), ग्रीक कासव (टेस्ट्युडो ग्रेका) व मध्य आशियातील हॉर्सफील्डचे कासव (टेस्ट्युडो हॉर्सफील्डी) ही नेहमी पाळली जातात. हॉर्सफील्डचे कासव मूळ प्रदेशात इंग्लंडच्या कितीतरी पट कडाक्याचा हिवाळा काढते, पण तो हिवाळा कोरडा असतो. इंग्लंडमधील चिखलात तेच कासव आजारी पडते. 'थंडीचा प्राणी' हे विशेषण वापरताना कोरडी थंडी की ओली थंडी, हा प्रश्न प्रत्येक जातीच्या बाबतीत विचारावा लागतो.

वाफ्याची रचना

जागा निवडताना दक्षिणेकडचे आकाश मोकळे आहे की नाही हे प्रथम पाहतात, आणि तेही उन्हाळ्यात नव्हे तर शरद ऋतूत. लंडनच्या अक्षांशावर ऑक्टोबरअखेरीस मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम २५ अंश वर असतो. त्या वेळी ६० सेंटिमीटर उंचीच्या कुंपणाची सावली सुमारे १.३ मीटर पडते. अवघा दोन मीटर रुंदीचा वाफा केल्यास हिवाळ्यापूर्वीच्या निर्णायक आठवड्यांत त्याचा निम्म्याहून अधिक भाग सावलीत जातो. यासाठी वाफ्याची जमीन उत्तरेकडे चढती ठेवतात, म्हणजे उत्तर टोकाशी दगडांची रास करून तिचा उतार दक्षिणेकडे करतात. दक्षिण कुंपणासाठी पारदर्शक पत्रा वापरण्याची पद्धतही आहे.

कुंपणाचा आतला पृष्ठभाग गुळगुळीत असावा लागतो. भिंत-सरडा खडबडीत गिलाव्यावरून सहज चढतो. कुंपणाच्या वरच्या कडेला आतल्या बाजूस आडवी पट्टी बसवतात. पळून जाण्याच्या घटना बहुधा कोपऱ्यांतून घडतात, कारण दोन पृष्ठभागांच्या सांध्यात पाय टेकवायला जागा मिळते. कोपरे गोलाकार केल्यास हा धोका कमी होतो. कुंपणाची कड जमिनीखाली ३० ते ४० सेंटिमीटर न्यावी लागते. एवढी तजवीज करूनही जूनमध्ये वाढलेली गवताची एखादी काडी कुंपणावर ओणवी झाली, तर तिच्यावरून सरडा निघून जातो. या छंदात कात्रीचे महत्त्व थोडेथोडके नाही.

वरून जाळी घालणे आवश्यक असते. मांजर हा सर्वांत मोठा शत्रू असून मॅगपाय व कावळे त्याखालोखाल येतात. जाळीमुळे थोडे ऊन अडते, परंतु त्याला इलाज नसतो.

वाफ्यात एका भागात स्वच्छ, निचऱ्याची वाळू, एका भागात गवत व हेदरसारखी खुरटी झुडपे आणि मध्ये दगड व ओंडके अशी मांडणी करतात. फुलझाडांवर येणारे कीटक हे अन्नाचा मोठा वाटा उचलतात. उरलेली गरज नाकतोडे, रातकिडे व अळ्या सोडून भागवतात. पाण्यासाठी उथळ बशी पुरते. नर क्षेत्र राखून असतात. लहान वाफ्यात दोन प्रौढ नर ठेवले, तर दुबळा नर उन्हाच्या जागेवरून सतत हाकलला जातो. त्याच्या अंगावर जखम दिसत नाही, पण तो हळूहळू रोडावत जातो. म्हणून एका वाफ्यात एकच नर ठेवण्याकडे कल असतो.

काचेबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. साध्या काचेतून सूर्याच्या अतिनील किरणांपैकी 'ब' प्रकारचे किरण जवळजवळ पूर्णपणे अडतात. याच किरणांमुळे त्वचेत जीवनसत्त्व ड-३ तयार होते व हाडे बळकट राहतात. उघड्यावर पाळण्याचा मुख्य लाभ हाच असल्याने सर्व वाफा काचेखाली घेतला, तर तो लाभ गमावला जातो. दुसरे असे, की बंद काचघर उन्हात फार लवकर तापते. थंडीपासून वाचवण्यासाठी बांधलेल्या काचघरात उष्माघाताने प्राणी दगावण्याचे प्रसंग घडतात. म्हणून उघडझाप होणारे झरोके आणि सावलीचा कोपरा यांशिवाय काचघर करू नये.

शीतनिद्रा

ऑक्टोबरमध्ये ऊन उतरू लागले की सरडे खाणे कमी करतात व एकेक करून जमिनीखाली जातात. नर सहसा आधी जातात आणि वसंत ऋतूत आधी बाहेरही येतात. वर्षी जन्मलेली पिले सर्वांत शेवटी जातात. समशीतोष्ण प्रदेशातील अनेक जातींमध्ये या थंड विश्रांतीशिवाय प्रजननाचे चक्र नीट सुरू होत नाही. घरात बारमाही ऊब दिलेल्या सरड्यांची जोडी वर्षानुवर्षे निपुत्रिक राहते आणि बागेत एक हिवाळा काढल्यावर त्याच जोडीस अंडी होतात, असा अनुभव येतो.

शीतनिद्रेसाठी कृत्रिम बीळ तयार करतात. निचऱ्याच्या जमिनीत सुमारे एक मीटर खोल खड्डा खणून तळाशी दगड-विटांचे तुकडे, त्यावर ओंडके, फांद्या व वाळूमिश्रित माती यांचे थर देतात. पोकळ्या राहाव्यात म्हणून माती दाबत नाहीत. दक्षिण बाजूने तिरक्या नळ्या आत सोडतात व माथ्यावर हरळीचे थर लावतात. दक्षिण इंग्लंडमध्ये गोठण इतक्या खोलीपर्यंत पोहोचत नाही. जमीन चिकणमातीची असेल, तर खड्डा करणे घातक ठरते. असा खड्डा म्हणजे पाणी साठवणारी विहीरच. तेथे जमिनीवरच उंचवटा रचून त्यात बीळ करतात. हिवाळ्यात दगावणाऱ्या प्राण्यांपैकी अनेक थंडीने नव्हे, तर तुंबलेल्या पाण्याने मरतात. टिमथीच्या पावसाच्या भीतीमागे हाच शहाणपणा असावा.

दुसरा धोका उंदरांचा आहे. बिळाची ऊब व कोरडेपणा उंदीर-घुशींनाही हवा असतो आणि निद्रिस्त सरीसृप प्रतिकार करू शकत नाही. म्हणून नळ्यांची तोंडे सरड्यापुरतीच रुंद ठेवतात व बिळाभोवती बारीक जाळी पुरतात.

सर्वांत कसोटीचा काळ जानेवारीचा नसून फेब्रुवारी-मार्चचा असतो. चार दिवस लख्ख ऊन पडते, सरडे वर येतात, आणि पाचव्या रात्री गोठण पडते. अनुभवी पालक या दिवसांत बिळाच्या तोंडाशी सावली करतात. काचघरात ही काळजी अधिकच घ्यावी लागते. हिवाळ्यात काचघर तापवण्यापेक्षा ते थंड राखणे अधिक कठीण असते, ही गोष्ट नवशिक्यांना प्रथम पटत नाही.

कासवांच्या बाबतीत पद्धत वेगळी आहे. त्यांना बागेत पुरून राहू देण्याऐवजी बहुतेक जाणकार आता नियंत्रित तापमानात झोपवतात. सुमारे ५ अंश सेल्सियस तापमान आदर्श मानले जाते. १० अंशांच्या वर गेल्यास कासव अर्धवट जागे होऊन साठवलेली चरबी खर्च करते. शून्याखाली गेल्यास डोळ्यांना इजा होऊन कायमचे अंधत्व येऊ शकते. एवढे काटेकोर तापमान राखणारी सर्वांत सुलभ वस्तू म्हणजे घरातील शीतकपाट. वेगळ्या ठेवलेल्या फ्रिजमध्ये पेटीत कासव ठेवून हवा खेळती राहावी म्हणून रोज दार उघडण्याची पद्धत ब्रिटनमध्ये रूढ झाली आहे. झोपवण्यापूर्वी तीन-चार आठवडे खाणे बंद करून पोट रिकामे होऊ देतात. अन्यथा आतड्यांतील अन्न कुजते. या काळात कोमट पाण्यात बसवून पाणी मात्र पाजतात. आजारी वा वजनाने कमी असलेल्या कासवास त्या वर्षी झोपवत नाहीत.

अंडी व पिले

इंग्लंडच्या बागेत दक्षिणेकडील जातींची अंडी जमिनीत उबण्याची खात्री नसते. त्यामुळे मादीने वाळूत अंडी घातली की ती जपून उचलून उबवणी यंत्रात सुमारे २८ अंश सेल्सियसला ठेवतात. उचलताना अंड्याची वरची बाजू वरच राहील याची काळजी घेतात. सरीसृपाच्या अंड्यातील गर्भ काही काळानंतर कवचाच्या आतील आवरणास चिकटतो. पक्ष्यांच्या अंड्याप्रमाणे ते फिरवल्यास गर्भ मरू शकतो. हरमानच्या कासवासारख्या जातींत पिलाचे लिंग उबवणीच्या तापमानावर ठरते. तापमान कमी असल्यास नर व जास्त असल्यास माद्या निपजतात.

उशिरा जन्मलेल्या पिलांना चरबी साठवायला वेळ मिळत नाही. त्यामुळे पहिला हिवाळा त्यांना घरात, दिव्याच्या उबेत काढू देण्याची प्रथा आहे.

वाळू-सरड्याचे पुनर्वसन

वाळू-सरडा (लॅसर्टा अ‍ॅजिलिस) हा ब्रिटनच्या मूळच्या सहा सरीसृपांपैकी एक. वसंत ऋतूत नराच्या दोन्ही बाजू झळाळत्या हिरव्या होतात, मादी तपकिरी ठिपकेदार राहते. अंडी घालण्यासाठी त्याला उन्हात तापणारी उघडी वाळू आणि लपण्यासाठी लगतच दाट हेदर लागते. हा जोड अधिवास डॉर्सेट व सरे परगण्यांतील हेदरची माळराने आणि मर्सीसाइडच्या किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्या येथेच टिकून होता. घरबांधणी, शेती, वनीकरण व वणवे यांमुळे ही माळराने तुकड्यातुकड्यांत विभागली गेली. सरडा एका तुकड्यावरून दुसऱ्यावर स्वतःहून जाऊ शकत नसल्याने अनेक ठिकाणांहून तो नाहीसा झाला. उत्तर वेल्समधून तर तो पूर्णपणे लुप्त झाला होता.

हौशी लोकांनी बागेत विकसित केलेले उघड्या वाफ्याचे तंत्र येथे उपयोगी पडले. चेस्टर व मार्वेल येथील प्राणिसंग्रहालये, न्यू फॉरेस्टमधील सरीसृप केंद्र आणि अनेक स्वयंसेवक यांनी परवान्याखाली उघड्या वाफ्यांत वाळू-सरड्यांची पैदास केली. माद्या मे-जूनमध्ये अंडी घालतात. ती उबवून निघालेली पिले उन्हाळ्याच्या अखेरीस, शीतनिद्रेपूर्वी त्यांना परिसर ओळखण्यास काही आठवडे मिळतील अशा बेताने, पुनर्स्थापित माळरानांवर व वाळूच्या टेकड्यांवर सोडली जातात. एकाच ठिकाणी हे काम सलग काही वर्षे करावे लागते. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या हर्पेटॉलॉजिकल कॉन्झर्व्हेशन ट्रस्टने आणि २००९ पासून तिचे रूपांतर झालेल्या अँफिबियन अँड रेप्टाइल कॉन्झर्व्हेशन या संस्थेने या कामात मध्यवर्ती भूमिका बजावली. उत्तर वेल्स, डेव्हन, कॉर्नवॉल व केंट येथे वाळू-सरडा पुन्हा दिसू लागला, तो या प्रयत्नांमुळे.

या कार्यक्रमात पिले घरातील दिव्याखाली न वाढवता उघड्यावरच वाढवण्याचा आग्रह धरला गेला. त्यामागे कारण होते. उघड्यावर वाढलेल्या पिलाला ढग, पाऊस, डोक्यावरून जाणारी सावली आणि उडते किडे यांची सवय असते. सोडल्यानंतर त्याला या गोष्टी नव्याने शिकाव्या लागत नाहीत.

पलायन व परकीय जाती

जे तंत्र एका जातीस वाचवू शकते, तेच निष्काळजीपणे वापरल्यास दुसऱ्या जातीस धोका ठरते. बागेत हिवाळा काढू शकणारा सरडा बागेबाहेरही हिवाळा काढू शकतो. आइल ऑफ वाइटवरील व्हेंटनर येथे भिंत-सरड्यांची वसाहत अनेक दशकांपासून आहे. बोर्नमथजवळच्या समुद्रकड्यांवर युरोपीय हिरवे सरडेही स्थिरावले आहेत. कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर १९७० च्या सुमारास एक खाजगी प्राणिसंग्रह बंद पडला, तेव्हा सुमारे डझनभर भिंत-सरडे मोकळे सोडण्यात आले. आज ते बेटाच्या दक्षिण भागात हजारोंच्या संख्येने आहेत. व्हेंटनरच्या भिंतीवरील सरडे पाहून पर्यटक आनंदतात. परंतु डॉर्सेटच्या किनाऱ्यावर तोच सरडा वाळू-सरड्याच्या उन्हाच्या जागा व अन्न यांत वाटेकरी होतो, अशी संवर्धकांची चिंता आहे. हौशी पालकांत याविषयी एकमत नाही. काहींच्या मते या वसाहती निरुपद्रवी आहेत. तथापि, एकदा पसरलेला सरडा परत गोळा करता येत नाही, हे व्हँकुव्हरच्या उदाहरणावरून उघड आहे, आणि त्यामुळे पुराव्याची वाट पाहत बसण्याचा मार्ग सोयीचा असला तरी सुरक्षित म्हणता येत नाही.

कायदेशीर स्थिती

ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्यानुसार परकीय प्राणी निसर्गात सोडणे किंवा निसटू देणे हा गुन्हा आहे. वाळू-सरडा व गुळगुळीत साप (कोरोनेला ऑस्ट्रियाका) यांना कडक संरक्षण असून परवान्याशिवाय त्यांना पकडता वा बाळगता येत नाही. विषारी सापांसाठी १९७६ च्या धोकादायक वन्य प्राणी कायद्याखाली परवाना लागतो. भूमध्यसागरी कासवांच्या विक्रीसाठी प्रमाणपत्र आवश्यक असते. कागदपत्रे नसलेले कासव स्वस्तात मिळत असेल, तर ते बहुधा चोरट्या मार्गाने आलेले असते.

भारतात परिस्थिती मूलतः वेगळी आहे. येथील घोरपड, चांदणी कासव (जिओकेलोन एलिगन्स) यांसारखे सरीसृप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली संरक्षित असून ते पकडणे व पाळणे गुन्हा आहे. २०२२ च्या सुधारणेनंतर आंतरराष्ट्रीय करारातील परिशिष्टांत समाविष्ट असलेल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी करणेही बंधनकारक झाले. परदेशांत स्थायिक झालेल्या अनेकांना चांदणी कासव बागेत ठेवावेसे वाटते. २०१९ मध्ये या जातीस सर्वोच्च संरक्षणाच्या परिशिष्टात स्थान मिळाल्याने तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला आहे. शिवाय हे कासव युरोपीय कासवांप्रमाणे शीतनिद्रा घेत नाही. इंग्लंडच्या ऑक्टोबरमधील ओली रात्र त्याला न्यूमोनिया होण्यास पुरेशी ठरते.